पेन्सिलीच्या चिठ्ठ्या

ज्या वर्षी प्रयोगशाळेत कामाला असलेल्या मावशीच्या लेकीला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी बारकीच्या बाटल्या मुक्या झाल्या.

"ही कोरी. हीसुद्धा कोरी." बारकी प्रयोगशाळेच्या फरशीवर फतकल मारून बसली होती आणि एकेक बाटली उजेडासमोर धरत होती. आत स्पिरिटमध्ये माशांच्या पोटातून काढलेले जंत, आणि सोबत एक चिठ्ठी. मासा तळ्याच्या कुठल्या टोकाचा, कुठल्या महिन्यातला, ते त्या चिठ्ठीवर असायचं. स्पिरिटमध्ये शाई टिकत नाही, पेन्सिलीनेच लिहायचं, हे या खोलीत पहिल्याच दिवशी सांगतात. पण एम. एस्सी.ला प्रवेश मिळाला म्हणून बारकीला वडिलांनी पेन दिलं होतं, आणि तिने हौसेने त्यानेच लिहिलं होतं. चार महिने, साठ बाटल्या. त्यात रंगकामासाठी कपाटं हलवली, तेव्हा सगळ्या एकमेकींत मिसळल्या.

"म्हणजे लव्हाळ्याच्या टोकाच्या कुठल्या अन् नळाच्या टोकाच्या कुठल्या, काहीच कळत नाही?" लांब्याने विचारलं. तोही तिच्याच वर्गातला.

"आणखी मोठ्याने विचार. बाईंना ऐकू गेलं नसेल."

तळ्याच्या एका टोकाला लव्हाळं होतं, तिथलं पाणी नितळ. दुसऱ्या टोकाला कारखान्याच्या सांडपाण्याचा नळ येऊन पडायचा. दोन्हीकडच्या माशांत किती आणि कुठले जंत, यावरून तळ्याची तब्येत सांगायची, एवढाच बारकीचा अभ्यास. तो गेला की वर्ष गेलं.

"अजून एक वर्ष बाबा मला इथे ठेवणार नाहीत," ती म्हणाली. रडली नाही. बाटली खाली ठेवून दुसरी उचलली.

मावशी मोरीपाशी ट्रे घासत होती. तिचे हात थांबले.

कुठली बाटली कुठली, ते तिला माहीत होतं. बाटल्या धुणं, भरल्यावर फडताळात लावणं तिच्याकडे होतं. लव्हाळ्याच्या डावीकडे, नळाच्या उजवीकडे. चिठ्ठी तिला वाचता येत नव्हती. म्हणून बारकी बाटली हातात देताना कुठली ते बोलायची, तेव्हाच मावशी लक्षात ठेवायची आणि लव्हाळ्याची असेल तर झाकणाखाली लाल दोरा बांधायची. पहिल्या महिन्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन. नळाच्या बाटल्यांना काळा. जुळ्यांतली थोरली ओळखू यावी म्हणून तिच्या पायात दोरा बांधला, तिथूनच हे सुचलं. लांब्याने एकदा विचारलं, तेव्हा "झाकण घट्ट राहतं" म्हणून तिने वेळ मारून नेली होती.

कारण नोकरीच्या कागदावर नऊ वर्षांपूर्वी तिने 'चौथी पास' सांगितलं होतं. ती शाळेची पायरी चढलेली नव्हती. जावयाचं काम सुटलेलं, घरात दोन तान्ह्या. ही नोकरी गेली तर?

तिने ट्रे पुन्हा घासायला घेतला. मग ठेवून दिला.

"बाईंना बोलाव," ती लांब्याला म्हणाली. "एकदाच सांगेन. दोनदा सांगायचं धाडस व्हायचं नाही."

बाई आल्या. मावशीने पदराला हात पुसत सगळं सांगितलं, दोऱ्याचं आणि चौथीचंही. सांगताना ती बाईंकडे नाही, मोरीकडे बघत होती.

बाईंनी एक बाटली उचलून झाकणाखालचा दोरा बघितला. मग बारकीला म्हणाल्या, "पेन घरी विसरलीस असं एकदाही झालं नाही का गं?"

"झालं की," बारकी उठलीच. "सहा-सात बाटल्या पेन्सिलीच्या आहेत."

सात निघाल्या. लांब्या चिठ्ठी झाकून धरी, मावशी दोरा बघून सांगे. "लव्हाळं, तिसरा महिना." लांब्या हात काढी. सातही बरोबर.

"मावशी," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी माझ्या बाटल्यांनाही बांधाल?"

मावशी बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

"कागदावर चौथी पास लिहिलंय ना?" बाई म्हणाल्या. "मग कागद खोटा राहायला नको. बारकी, रोज जेवण झालं की अर्धा तास. चौथीपर्यंत आणायचं."

मोजणी झाली तेव्हा नितळ टोकाला जंत जास्त निघाले. मावशीला वाटलं, आपलाच दोरा चुकला.

"चुकला नाही," बारकी म्हणाली. "या जंताचं घर तीन खोल्यांचं. आधी गोगलगाय, मग मासा, मग मासा खाणारा पक्षी. नळाकडे गोगलगाय मेली, की जंत बेघर. तिन्ही खोल्या नांदत्या असल्या, तरच तो राहतो."

"म्हणजे घर भरलेलं असलं की खाणारी तोंडंही असायचीच," मावशी म्हणाली.

बारकीने ते वहीत लिहून घेतलं.

मावशीने पहिला लिहिलेला शब्द 'जंत'. जावई हसला, "लोक आधी आपलं नाव लिहितात, सासूबाईंनी जंत लिहिला." दुसरा शब्द 'बारकी'. ही अक्षरं तिने बाटलीतल्या चिठ्ठ्यांवर गिरवली, पेन्सिलीने. पुढे बारकी दूरच्या एका तळ्यावर कामाला लागली, तिथून पत्रं यायची, आणि मावशी उत्तरंही पेन्सिलीनेच लिहायची. शाईवर तिचा भरवसा बसला नाही.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना एक पेटी आली. बारकीच्या तिथल्या बाटल्या. तिकडे सांभाळणारं कुणी नव्हतं, म्हणून बाईंनी मागवून घेतल्या होत्या. मावशीने एकेक उघडली, उडालेलं स्पिरिट भरलं, चिठ्ठी वाचली. अक्षर बारीक, तिरकं, एकही पुसलेलं नव्हतं. कुठला मासा, कुठलं टोक, कुठली तारीख, सगळं तिला वाचता आलं. दोऱ्याची काही गरज नव्हती. तरी तिने प्रत्येक बाटलीला लाल दोरा बांधला, एक गाठ मारली, आणि डाव्या फडताळात लावली.

जुळ्या दहावी झाल्या त्या वर्षी, जूनच्या नऊ तारखेला, बारकी तापाने गेली. तिला सदतिसावं लागलं होतं.