कलेक्टर, तलाठी आणि पर्सनल ट्रेनर

यंदाच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, डोमाजींची जोडी पहिली आली, छकड्यावर मी होतो, आणि मी जिवंत आहे.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. निकाल आधी माहीत असला की माणसाला नीट घाबरता येत नाही, आणि मी जेवढा घाबरलो तेवढं तुम्हीही घाबरावं एवढीच माझी अपेक्षा आहे. तर पट अजून व्हायचा आहे. बैल गोठ्यात आहेत. मी सानगडीत, एका रिकाम्या धान गोदामात थाटलेल्या माझ्या जिममध्ये बसलो आहे, आणि जिममध्ये दुसरं कोणी नाही.

कोणी नव्हतं याला कारण गावच. पर्सनल ट्रेनर म्हणजे काय हे सांगायला मी सुरुवातीला घरोघर फिरलो. कौशल्याबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. त्यांच्यासमोर मी स्क्वॉट्स मारून दाखवले. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"धानाच्या रोवण्याच्या टायमाले मी दिवसभर वाकून राह्यतो," त्या म्हणाल्या. "त्याचे मले पैसे भेटते. आता तू म्हनतं, वाकाचे पैसे मीच तुले देऊ?"

घरी येऊन मी मार्केटिंगचा ऑनलाइन कोर्स केला. कोर्समधले सर म्हणायचे, सगळ्यांना विकायला जाऊ नका, आपला एक आदर्श ग्राहक ठरवा. त्यांचा ग्राहक चाळिशीतला, मोठ्या हुद्द्यावरचा, दिवसभर खुर्चीत बसणारा होता. सानगडीत दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस एकच, तो पानठेल्यावर बसतो, आणि उठलो तर खुर्ची जाईल म्हणून तो जेवायलाही घरी जात नाही.

मग सर म्हणाले, गिऱ्हाईक पैशाला भीत नाही, फसवलं जाण्याला भितं. त्याची भीती तुम्ही स्वतःवर घ्या. गॅरंटी द्या.

माझी धाकटी बहीण खुशबू हिने फ्लेक्स बनवून आणला. वर माझा फोटो. खाली ठळक अक्षरांत: वजन कमी करा. रिझल्ट नाही आला तर जबाबदारी आमची.

"जबाबदारी म्हंजे काय करशीन?" तिने विचारलं.

"काहीच नाही. असं लिवाचं असते."

"दादा, हे पुणं नाही. इथं लोक पूर्ण वाचते."

दुसऱ्याच दिवशी डोमाजी आले. डोमाजींकडे पटाचे बैल आहेत. ते कधी आवाज चढवत नाहीत, आणि आवाज न चढवणाऱ्या माणसाला गावात सगळेच टरकतात, कारण त्याचा राग कुठपर्यंत आला आहे ते कळत नाही. त्यांच्या जोडीतला एक बैल कुणाचं ऐकत नाही म्हणून त्याचं नाव कलेक्टर. दुसरा त्याच्या मागे मागे जातो म्हणून तो तलाठी.

सोबत त्यांचा पुतण्या कैलाश होता. हा त्यांचा धुरकरी, म्हणजे पटात छकड्यावर बसून जोडी हाकणारा. लग्न झालं, दामिनीच्या हातचं जेवण सुरू झालं, आणि कैलाश रुंद झाला.

"छकडा हल्का पाह्यजे गा," डोमाजी म्हणाले. "हा जड झाला. पटापर्यंत हल्का कर."

"हव जी, काका."

त्यांनी फ्लेक्सवर बोट ठेवलं. "हे तूच लिवलं ना?"

"हव जी."

"म्हंजे हा हल्का नाही झाला, तर तू पाह्यशीन."

कोर्समध्ये सांगितलं होतं की आपलं वचन गिऱ्हाइकासमोर पुन्हा पुन्हा उच्चारावं. पहिलं गिऱ्हाईक आल्याच्या आनंदात मी ते तीनदा उच्चारलं. तिसऱ्यांदा तर मी छातीवर हात ठेवला.

कैलाश मेहनती निघाला. सांगितलं तेवढं उचलायचा, न सांगितलेलंही उचलायचा. दर आठवड्याला मी त्याचा फोटो काढायचो. छाती भरली, दंड फुगले, पोट आत गेलं. पहिला आणि शेवटचा फोटो खुशबूने शेजारी शेजारी लावले तेव्हा माझे डोळे भरून आले. कैलाशने तो दामिनीला पाठवला आणि उत्तर आलं का ते पाहायला तो दिवसभर फोन हातात घेऊन व्यायाम करत होता. माझ्याकडे एवढं सगळं होतं. वजनकाटा तेवढा नव्हता.

पटाच्या आदल्या दिवशी डोमाजी आम्हाला राइस मिलच्या धानकाट्यावर घेऊन गेले. जिथे पोती ठेवतात तिथे कैलाश उभा राहिला. काट्यावरच्या माणसाने आकडा वाचला. माझ्याकडे आणायच्या आधी डोमाजींनी त्याला इथेच तोललं होतं; त्या आकड्यापेक्षा कैलाश चार किलोंनी वाढला होता.

"ते मसल आहे काका," मी म्हणालो. "चरबी कमीच झाली आहे. मसल जड असते."

"हे बैलाले सांग," डोमाजी म्हणाले.

मिलमध्ये कोंडा उडत होता. डोमाजी माझ्याकडे पाहत होते, पण चेहऱ्याकडे नाही. माझ्या एकंदर आकाराकडे.

"तू चढ."

मी चढलो. बावन्न भरलो. मला एवढा घाम फुटला होता की काट्यावरच्या माणसाने सवयीने विचारलं, "ओलाव्याचं कापू काय?"

इथे एक सांगायला हवं. मला बैलांची भीती वाटते. आमच्या घरी बैल कधीच नव्हते, बाबांचं आठवडी बाजारात कापडाचं दुकान. कापडाचा गठ्ठाही अंगावर येतो, पण तो ठरवून येत नाही.

मी डोमाजींना म्हणालो की मला छकड्यावर बसायचा सराव नाही. ते म्हणाले, बैलांना आहे. मी म्हणालो, मग एकदा तरी बसून पाहू द्या. ते म्हणाले, पटाच्या आधी जोडी दमवायची नसते. मी म्हणालो, काका, मी पडलो तर?

"तर छकडा आणखी हल्का होईन," ते म्हणाले. यात त्यांना विनोद वाटत नव्हता.

मग त्यांनी गोठ्यात नेऊन माझी ओळख करून दिली. "हा कलेक्टर. ह्याले जी म्हनत जाय." कलेक्टरने मला एका डोळ्याने पाहिलं. दुसऱ्या डोळ्याने तो काय पाहत होता ते मला दिसत नव्हतं, आणि मला त्याच डोळ्याची जास्त भीती वाटली.

"टोचाची तुतारी कुठे आहे?" मी विचारलं. तुतारी म्हणजे टोकाला खिळा लावलेली काठी.

"नियमात बसत नाही. चाबूक नाही, तुतारी नाही, शेपटीले हात नाही."

"मग हे पळते कशानं?"

"मनानं."

"आन् मन नसलं तर?"

"मंग तू आहे ना."

घरी आईने, कुंताबाईने, माझ्यापुढे ताट ठेवलं आणि सहज म्हणाली, "भेऊ नको बाप्पा. भेलेल्या मानसाचा बैलाले वास येते." त्यानंतर मी दोनदा आंघोळ केली आणि अंगभर सेंट फवारला. आता मला भ्यालेल्या आणि सेंट लावलेल्या माणसाचा वास येत होता.

पटाच्या दिवशी धान निघालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, माणसंच माणसं. भज्यांचा धूर, पोंगे वाजवणारी पोरं, भोंग्यावर एक गृहस्थ प्रत्येक जोडीचं कौतुक करत होते. छकडा मी पहिल्यांदा जवळून पाहिला. दोन चाकं, एक दांडा, आणि बसायला पोळपाटाएवढी जागा. आमच्या पोळपाटाला निदान तीन पाय तरी आहेत.

"आन् डोमाजीच्या जोडीवर," भोंगा म्हणाला, "सानगडीचे सुप्रसिद्ध पर्सनल ट्रेनर, मनिष."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खुशबू दोरीपलीकडे फोन धरून उभी होती.

"दादा, हसून राह्य," ती म्हणाली. "गिऱ्हाईक पाहून राह्यले."

चार जणांनी बैलांना धरून ठेवलं होतं. कलेक्टरच्या पाठीवरचं कातडं थरथरत होतं, तलाठीचंही, माझंही. आम्ही तिघं एकाच गोष्टीला भीत असू असं क्षणभर वाटलं आणि जरा बरं वाटलं. मग झेंडी पडली आणि ते चारही जण बाजूला झाले. ते मला अजिबात आवडलं नाही.

पुढचं मला आठवत नाही, पण खुशबूच्या व्हिडिओत सगळं आहे. सुरुवातीला बैल नेहमीसारखे पळतात. मी तोंड उघडतो. त्यातून जो आवाज निघतो तो माणसाचा नाही, जनावराचा नाही, भोंग्याचाही नाही. व्हिडिओत एक म्हातारी कानावर हात ठेवताना दिसते. तलाठीचे कान मागे वळतात. कलेक्टर, जो कधी कुणाचं ऐकत नाही, तो ऐकतो. एवढं भ्यालेलं काहीही त्या दोघांनी जन्मात ऐकलं नसावं. त्यांनी आपसात काय ठरवलं असेल ते ठरवलं असेल, पण मागे काहीतरी भयंकर लागलं आहे याबद्दल त्यांच्यात एकमत होतं. मागे मी होतो. मी त्यांच्यापासून पळू शकत नव्हतो, म्हणून ते माझ्यापासून पळाले. जितके ते पळाले तितका मी ओरडलो, आणि जितका मी ओरडलो तितके ते पळाले.

शेवटी त्यांना तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाने थांबवलं. मला बाहेर काढायला थोडा वेळ लागला, कारण मी दांडा सोडत नव्हतो. नियम तपासणारे साहेब आले. त्यांनी हात पाहिले, चाकं पाहिली, बैलांच्या शेपट्या पाहिल्या. कुठे काही सापडलं नाही. भीतीबद्दल नियमात काही नाही.

डोमाजींनी शाबासकी दिली नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बारकाईने पाहिला.

"अजून थरथरते?"

"हव जी."

"मस्त," ते म्हणाले. "असाच राह्यजो."

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. करडीहून आला, गोसीखुर्द धरणाकडच्या पुनर्वसन गावातून आला, जिथे मी फ्लेक्स लावलाच नव्हता अशा गावांतून आले. "ट्रेनर साहेब, आमच्या जोडीले टाइम द्या ना जी. फक्त येताना जेवून नका येऊ, आवाज दबते." सर म्हणाले होते की तुमच्याकडे असं काय आहे जे दुसऱ्या कोणाकडे नाही ते शोधा आणि तेच विका. ते सापडलं. मला वाटलं होतं की ते ज्ञान असेल.

मी प्रामाणिकपणे सांगितलं की दोनतीनदा बसल्यावर माझी भीती मोडेल, मग माझा उपयोग नाही. तसं झालं असतं तर सुटलो असतो. पण प्रत्येक पटात बैल नवे, दांडा नवा, तणसाचा ढीग नवा. भीती वाढते म्हणून जोडी जिंकते, जिंकते म्हणून गिऱ्हाईक वाढतं, आणि गिऱ्हाईक वाढतं म्हणून भीती. शर्यतीआधी मालक माझी नाडी बघतात आणि समाधानाने मान हलवतात.

जिम आता कैलाश चालवतो. फ्लेक्सवर त्याचा फोटो आहे आणि जिम भरलेली असते, पानठेल्यावरचा माणूससुद्धा येतो, खुर्ची घेऊन. गॅरंटी खुशबूने बदलली. आता खाली लिहिलं आहे: रिझल्ट नाही आला तर छकड्यावर मनिष बसेल. परवा एक बाई अर्धा किलोने वाढली. मी बॅग भरून ठेवली आहे, आणि तहसीलला हा अर्ज लिहिला आहे.

सबब मा. तालुका दंडाधिकारी साहेबांस सविनय सादर करण्यात येते की, सानगडी, करडी व लगतच्या गावांतील समस्त बैलांना पुढील आदेशापर्यंत केवळ चालत जाण्याबाबत समज देण्यात यावी. सदर समज प्रत्येक बैलास व्यक्तिशः वाचून दाखवून त्याची पोच घेण्यात यावी. तसेच कलेक्टर नामक बैल ऐकत नसल्यास त्याची अन्य जिल्ह्यात बदली करण्यात यावी, व तलाठी त्याच्या मागे जाईलच, तरी त्यास प्रवासभत्ता मंजूर व्हावा. सदर बदली ही विनंती बदली समजण्यात यावी. विनंती माझी आहे.