दुसऱ्याच्या हाताची सवय

अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात फहदचा स्टुडिओ होता आणि उर्मिला तिथं सतरा वर्षं जुन्या चित्रांच्या नकला करत होती. हॉटेलांच्या लॉबीत, बड्या लोकांच्या व्हिलांत तिची चित्रं लागत. या खेपेला एका लेबनीज कुटुंबाला ह्युगो व्हान डर गूसचे मेंढपाळ हवे होते: रापलेले, दात विरळ झालेले, बाळाकडे टक लावून पाहणारे.

चित्रकार कळल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही, ही तिची सवय. म्हणून तिनं त्याचं आयुष्य वाचून काढलं. पाचशे वर्षांपूर्वी गेंट शहरात हा चित्रकार संघाचा प्रमुख होता. नाव झालं, बड्या धेंडांची कामं आली, आणि ऐन भरात तो सगळं सोडून ब्रसेल्सजवळच्या मठात शिरला. सुटका तिथंही नव्हती. मठानं त्याला चित्रं काढायची मोकळीक दिली. थोर पाहुणे भेटायला येत, त्यांच्याबरोबर वाइनही मिळे. कामं साठत गेली. कोलोनहून परतताना वाटेत त्याचं डोकं फिरलं. मी नरकात जाणार, असं तो म्हणत सुटला. मठाच्या प्रमुखानं त्याच्यापुढं वाद्यं वाजवून पाहिली, पण गुण आला नाही. पुढं तो फार जगला नाही. हातातली चित्रं नऊ वर्षांतही संपायची नाहीत, या काळजीनं त्याला घेरलं होतं, असं मठातल्याच एकानं लिहून ठेवलंय.

एवढं वाचलं आणि उर्मिला उठून फहदच्या केबिनमध्ये गेली.

"फहदभाई, ये ऑर्डर के बाद खलास. मुझे अपना काम करना है."

फहद माणूस सज्जन. "अपना काम? तो यहीं करो ना, मॅडम! पीछे का रूम ले लो. कॅनव्हास, कलर, सब मेरा. हर शनिवार आपका."

त्यानं खोलीची किल्लीच तिच्या हातावर ठेवली. आता भांडायचं तरी कशावरून?

शनिवारी तिनं लेकीला, मिहिकाला, समोर बसवलं. दोन तास झपाटल्यासारखं तिचं चित्र काढलं.

मिहिकानं उठून पाहिलं. "मम्मी, हू इज शी?"

"तू."

"नो वे! शी लुक्स लाइक युअर चर्च लेडीज."

खरंच होतं. जुन्या चित्रांतल्या बायकांचं उंच कपाळ, खाली झुकलेल्या पापण्या, लांबट बोटं. उर्मिलानं कागद फाडला, पुन्हा बसली. पुन्हा तेच. हात आपणहून त्याच वळणावर जाई. स्वतःची रेष कशी होती, हे आठवायला कॉलेजातलं एकही चित्र तिनं जपलं नव्हतं.

मेंढपाळ वेळेत गेले, लेबनीज कुटुंब खूश झालं. शनिवारमागून शनिवार कागद फाटत राहिले. मिहिका कंटाळली, तरी बसायची.

सातव्या शनिवारी कागदावर एक कान उतरला. थोडा बाहेर आलेला, पाळीवर जुन्या टोचणीची खूण. मिहिकाचाच. उर्मिलानं पेन्सिल खाली ठेवली. गाल काढायचा तिला धीर होईना.

दारावर टकटक झाली. "मॅडम, बिझी हो?" फहदचा आवाज आनंदात होता. "बडा ऑर्डर आया है. चौदा पेंटिंग, इन्शाल्ला."