साडेतीन ताऱ्यांचं मौन

खिडकीवर खिळे मारून ठोकलेली गोधडी.

"आईचं मौन हाच या चित्रपटाचा आत्मा आहे." साडेतीन तारे.

त्या घरात भात पातेल्यातच शिजायचा. कुकर शिट्ट्या मारतो.

चाकणहून निघालेले कांद्याचे ट्रक. हॉर्न वाजला की अंबूबाई दातओठ खायच्या.

"लकवा झालेल्या नवऱ्याच्या तोंडाशी वाकून ती त्याचा श्वास तपासते. एक शब्द नाही. पहिल्याच चित्रपटात ही समज थक्क करते."

सांगायचं तर, हा चित्रपट नवनाथनं आपल्या वडिलांच्या आजारपणावर काढला. अर्जुनराव लकव्यानं अंथरुणाला खिळले तेव्हा नवनाथ कंपनीत कायम तिसऱ्या, रात्रीच्या शिफ्टला होता. सकाळी कुरुळीच्या खोलीवर यायचा आणि दिवसभर झोपायचा. खोली एकच.

शुक्रवारी चिंचवडला पिक्चर बघून त्याची आई, अंबूबाई, काही न बोलता घरी आली. समीक्षकांनी पिक्चरला डोक्यावर घेतलं होतं, पण नवनाथला ऐकायचं होतं ते आईकडून. म्हणून रविवारी तो तिला मोबाइलवरून परीक्षणं वाचून दाखवत बसला. बहीण पिंकी मेथी निवडत होती.

"आईचं मौन?" पिंकी हसली. "दादा, ह्या माणसाला एक दिवस आपल्याकडं जेवायला बोलव."

अंबूबाईही हसल्या. मग म्हणाल्या, "मी गप कधी होते रे?"

"दिवसभर. मला मधेच जाग आली की दिसायचीस ना, बाबांवर वाकलेली. श्वास बघत."

"बोलत होते. तू झोपलेला, म्हणून कानात. ते पण बोलायचे. जीभ जड झालेली, तरी शेजारणीची नक्कल करायचे. हसू फुटू नये म्हणून मी तोंडात पदर कोंबायचे."

नवनाथनं मोबाइल पालथा ठेवला.

"मग पिक्चर कसा वाटला?"

"चांगलाय. लोकं रडत होती." अंबूबाईंनी मेथीची एक काडी उचलली, परत ठेवली. "पण त्यातली दोघं फार एकटी हायत, नवा. आमी तशी नव्हतो."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तेव्हा तू झोपेत. नंतर शूटिंगमध्ये." त्या पिंकीकडं सरकल्या. "अजून काय लिहिलंय? वाच रे."

तो वाचेना.

त्या आजारपणात अर्जुनराव गेले ते दुपारी. अंबूबाईंनी नवनाथला नेहमीच्या वेळी, संध्याकाळी उठवलं.