पुढचं दार कुठलं

आईच्या घराला दोन दारं. एक वरच्या आळीत उघडायचं, तिथे जमीनवाले राहतात. दुसरं खालच्या आळीत, तिथे गवंडी, चपला शिवणारे, टोपल्या विणणारे. मधोमध शिलाई मशीन. आई गावची शिंपीण आणि तिचा एकच नियम होता: आलात त्या दाराने परत जायचं नाही. एरवी खालच्या आळीत पाऊलही न टाकणाऱ्या बायका नवे कपडे काखोटीला मारून तिथूनच घरी जात. कुणी नाक मुरडलं की आई म्हणे, "मग माप दुसरीकडे दे." गावात दुसरं मशीन नव्हतं.

आई गेली आणि थोड्याच दिवसांत शिरगणती आली. यंदा खालच्या आळीची माणसं पुरेशी भरली तर तिला गावच्या कारभारात स्वतःचा सदस्य मिळणार होता. नाहीतर नेहमीसारखा वरच्या आळीचाच माणूस दोन्ही आळ्यांच्या वतीने बोलणार. घोडं एका माणसावर अडलं होतं, खालच्या आळीत एकच माणूस कमी पडत होतं. या घरात आता मी एकटी राहते.

"पुढचं दार कुठलं?" मोजणीवाल्या बाईने विचारलं. "त्यावरून आळी ठरते."

"हे, वरचं," मोठे काका परस्पर म्हणाले. ते वडिलांचे थोरले भाऊ. वरच्या दारासमोरची जागा त्यांची.

"तुम्ही राहता का इथे?" टोपलीवाली मावशी खालच्या दारातून म्हणाली. "तिला तोंड दिलंय देवाने. तिला विचारा की."

"तू नाक खुपसू नकोस."

"बरं, नाही खुपसत. उंबऱ्यावरच ठेवते."

मोजणीवालीला हसू आवरेना. काकांनी आवाज खाली आणला. "पोरी, खालचं म्हणालीस तर उद्या हे दार विटांनी बुजवतो. मग चालव तुझ्या आईचा नियम."

काका बोलले की करतात. एका दाराच्या घरात नियम कसला? आणि आईचं म्हणून मला तेवढंच उरलं होतं. मशीन काय, पैसे टाकले की कुणालाही मिळतं.

पण आई जन्मभर लोकांना त्या आळीतून चालायला लावत होती ती तिथली माणसं दिसावीत म्हणून. ती मोजायची वेळ आल्यावर मी दार जपत बसले असते, तर तिच्या खुर्चीत बसायची माझी लायकी नव्हती.

"खालचं," मी म्हणाले. "मला खालच्या आळीत धरा."

काकांनी शब्द पाळला. भिंत बांधायला गवंडी खालच्या आळीतलाच आला. "काम चोख केलंय, ताई," तो ओशाळून म्हणाला. खरंच केलं होतं.

पुढे निवडणूक झाली आणि मावशी सदस्य झाली. माझ्याकडे बसून ती लोकांची गाऱ्हाणी ऐकते, हात टोपलीत चालूच. वरच्या आळीच्या बायकांना आता यायलाही खालचीच वाट, जायलाही तीच. काल मोठी काकू घामाघूम होऊन आली.

"तुझ्या काकांनी भिंत घातली आणि पाय माझे मोडले," ती म्हणाली. मग मावशीकडे वळली. "मेंबरबाई, सरका जरा. आमच्या विहिरीच्या वाटेचं बोलायचंय."

मावशी सरकली. दोघी एकाच बाकावर बसल्या, आणि मी माप घ्यायला टेप शोधू लागले.