गाढवाला पटलेला निबंध

सांगतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही, लावा पैज. आपल्या किशादा गावात एका गाढवानं एका मुलीला निबंध लिहायला शिकवलं.

मुलगी म्हणजे एदिवानिया. गणितात अशी, की मास्तरांचा खडू फळ्याला लागायच्या आत हिचं उत्तर तयार. पण इंजिनिअर व्हायला फोर्तालेझा शहरातल्या कॉलेजात जायचं, तर प्रवेश परीक्षेत तीस ओळींचा निबंध. सात किंवा त्याहून कमी ओळी भरल्या की शून्य, आणि निबंधात शून्य म्हणजे दार बंद, गणितात कितीही गुण पडोत. एदिवानियाचा कुठलाही निबंध पाच ओळींत आटपायचा.

"सगळं तर लिहिलंय, बाई!"

"तुला दिसतं म्हणून मधल्या पायऱ्या गाळतेस," शाळेतल्या वालदेनोराबाई वैतागल्या. "वाचणाऱ्याला काय स्वप्न पडणारे? आणि शेवटी उपाय कुठाय? कोणी, काय, कसं करायचं? त्याशिवाय निबंध पुरा धरत नाहीत, किती वेळा सांगू?"

परीक्षेला सहा आठवडे उरले. पोरीला चवळीभाताचा घास गिळवेना.

त्यातच तिच्या फिलोमेनामावशीचं गाढव, नाव कर्नल, एदिवानियाबरोबर तलावावरून पाणी आणताना भर रस्त्यात बसलं.

"ऊठ, उशीर होतोय." कर्नल ढिम्म.

"ऊन चढलंय रे." एक कान हलला.

"ऊन चढलं की डब्यातलं पाणी तापतं. तापलेलं पाणी मावशी पीत नाही. मग ती आपल्यालाच परत पिटाळते." कर्नल उभा राहिला, पण पाऊल उचलेना. शेवटी हिनं उपाय काढला, "एक डबा मी डोक्यावर घेते, तू सावलीसावलीनं चल, घरी मावशीकडून मक्याचा कोंडा मिळवून देते."

कर्नल निघाला! मग रोज तेच. कारण कच्चं निघालं की स्वारी खाली बसायची. घरी आली की एदिवानिया त्याला सांगितलेलं सगळं वहीत उतरवायची. पाचाच्या अकरा ओळी झाल्या, अकराच्या एकोणीस.

परीक्षेत विषय आला, गावोगावची बंद पडलेली ग्रंथालयं. पाच ओळी झाल्या आणि पेन अडलं. सगळं तर लिहिलंय! शेजारची पोरगी पान भरत चाललेली. एदिवानियानं डोळे मिटले आणि कर्नलला समोर बसवलं. बंद पडली तर पडली, काय बिघडलं? तिनं लिहिलं. कोणाचं बिघडलं? तेही लिहिलं. कर्नलचे कान पडलेलेच. सव्विसाव्या ओळीला उपाय म्हणून नगरपालिकेनं शनिवारच्या बाजारात पुस्तकांची गाडी आणली, तेव्हा कुठे तो उठला. तिसाव्या ओळीला घंटा झाली.

निकालाच्या दिवशी तिनं मोबाईल उघडला. आकडा उमटला. हजारपैकी हजार! आणि अंगणात कर्नलनं पुढचे दोन पाय वर—

"थापाड्या!" ऐकणाऱ्यांतल्या मागच्या खुर्चीवरून खुद्द फिलोमेनामावशी कडाडली. "सातशे वीस पडले पोरीला, बाकी गणितानं ओढून नेलं. आणि आमच्या दारात गाढव कधी होतं रे? सहा आठवडे तिच्यासमोर बसून 'का गं? बरं, मग?' करत होते, ती मी!"