चार बारीक पुस्तकं

हेड ऑफिसचं पत्र आलं तेव्हा हॅलोताई फोनवर होत्या. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध एक वकील अडकला होता आणि तो लिफ्ट कंपनीवर कुठली कुठली कलमं लावणार आहे ते त्यांना क्रमवार ऐकवत होता.

"लावा हो, सगळी लावा," हॅलोताई म्हणाल्या, "पण तोवर खाली बसून घ्या. आमचा माणूस निघालाय."

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या त्या शाखेत त्या एकवीस वर्षं तक्रारींचा फोन उचलत होत्या. दिवसाला ऐंशी वेळा हॅलो म्हणून म्हणून त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं.

पत्र साहेबांनी उभ्याउभ्याच वाचून दाखवलं. कर्मचाऱ्यांची संवेदनशीलता वाढावी म्हणून 'वाचन आव्हान'. प्रत्येक शाखेतून चौघांचा संघ. चार पुस्तकं, सगळी 'कठीण सामाजिक प्रश्नांवर'. मुदत सहा आठवडे. शेवटी परीक्षकांसमोर प्रत्येकानं एकेका पुस्तकावर बोलायचं. जिंकेल त्या शाखेला मायक्रोवेव्ह.

"संवेदनशीलता गेली खड्ड्यात," साहेब म्हणाले. "पण क्रिकेटमध्ये पलीकडच्या शाखेनं आपल्याला धुतलं. मायक्रोवेव्ह आपल्याकडेच आला पाहिजे. ताई, पुस्तकं तुम्ही निवडायची."

"मीच का?"

"तुम्ही दिवसभर बसूनच असता."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण वकिलाचा पुन्हा फोन आला.

त्या क्षणी खोलीत जे जे उभे होते त्यांचा संघ झाला. स्टोअरकीपर होता, ज्याच्याकडे काहीही मागितलं तरी तो मान वर न करता 'संपलंय' म्हणायचा आणि म्हणून सगळे त्याला संपलंयच म्हणायचे. ड्रायव्हरकाका होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. आणि पाना होता. पाना म्हणजे शाखेतला सगळ्यात जुना मेकॅनिक. दाराशी उभा राहून मोटरचा आवाज ऐकला की तिचं काय दुखतंय ते सांगणारा. एरवी कशालाच नाही न म्हणणारा हा माणूस त्या दिवशी चक्क अडून बसला.

"मला यातून वगळा साहेब. मला वेळ नाही."

"वेळ कुणालाच नाही. म्हणून तर आव्हान," साहेब म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

शनिवारी हॅलोताई वाचनालयात गेल्या. तिथला ग्रंथपाल इतका आनंदला की त्याचा चष्मा नाकावरून घसरला.

"विषय कुठला, बाई?"

"कठीण."

"कठीण पुष्कळ आहेत हो. दारिद्र्य आहे, व्यसन आहे, तुरुंग आहे, युद्ध तर अख्खं कपाटभर आहे..."

"त्यातलं बारीक दाखवा."

त्यानं उशीएवढी दोन पुस्तकं काढली. एकाच्या लेखकानं म्हणे त्यासाठी अकरा वर्षं घालवली होती. "मग वाचायला किती लागतील?" असं विचारून हॅलोताईंनी ती परत केली आणि स्वतःच कपाटाला भिडल्या. त्यांनी एक साधी कसोटी लावली: पुस्तक चिमटीत धरायचं. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये डब्याच्या झाकणाच्या कडेइतकंच अंतर राहिलं तर घ्यायचं. अक्षर ठसठशीत असेल तर उत्तमच. सगळ्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं होती आणि वर नुसते आकडे, त्यामुळे नावं वाचण्याचा मोह पडलाच नाही. दहा मिनिटांत चार पुस्तकं झाली. ग्रंथपालानं नोंद करताना एकेका नावावर मान डोलावली आणि म्हणाला, "फार विचार करून निवडलीत."

सोमवारी त्यांनी ती पत्त्यांसारखी वाटली. एक तुला, एक तुला, एक काकांना, उरलं ते मला.

बुधवारी संपलंय तक्रार खिडकीशी येऊन उभा राहिला. आपणहून तो स्टोअरबाहेर येत नसे.

"ताई, मी आठवड्यातून एकदा घेतो. शनिवारी. तेही जेवणाआधी."

"काय घेतोस?"

"आता सगळं माहीत असल्यावर विचारता कशाला?" त्यानं पुस्तक खिडकीवर आपटलं. "यातला माणूस पिऊन पिऊन घर विकतो. माझं घर भाड्याचं आहे." आणि तो तरातरा निघून गेला.

गुरुवारी ड्रायव्हरकाका आले. त्यांच्या पुस्तकात एका म्हाताऱ्याला मुलं गोड बोलून वृद्धाश्रमात सोडून येतात. "मला काढायचंच असेल तर साहेबांनी तोंडावर सांगावं," काका म्हणाले. "पुस्तकातून कशाला?"

घरी आणखीच वेगळी तऱ्हा. हॅलोताईंनी आपलं पुस्तक न उघडताच जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. नवऱ्यानं ते सहज चाळलं आणि जेवण होताच उठून भांडी घासायला घेतली. चोवीस वर्षांच्या संसारात या माणसाला भांडी घासण्याची जागा कुठे आहे हे माहीत असेल अशी त्यांना शंकाही नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं कपडे वाळत घातले. तिसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला.

"वहिनी, खरं सांग. दादा तुला मारतो का गं?"

"तो? झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढतो तो."

"मग तो मला का विचारत होता, की मी तिच्यावर कधी आवाज चढवलाय का, आठवतंय का म्हणून?"

तेव्हा कुठे हॅलोताईंनी खाकी कव्हर उघडून नाव वाचलं. पुस्तक घरातल्या मारहाणीवर होतं. गैरसमज दूर करावा असं त्यांना क्षणभर वाटलं. मग आतून भांड्यांचा आवाज आला आणि त्यांनी तो विचार पुढे ढकलला.

पाना आला तो पुढच्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत. आत आला, मागे दार लावलं आणि खुर्ची ओढून बसला. हातातल्या चिंधीला तो उगाचच पीळ देत होता.

"ताई, तुम्हाला कुणी सांगितलं? ड्रायव्हरनं?"

कशाबद्दल, ते हॅलोताईंना अजिबात कळलं नाही. पण अडकलेल्या माणसाला 'मला काही माहीत नाही' असं कधी म्हणायचं नाही, हा त्यांचा एकवीस वर्षांचा नेम होता.

"कुणी कशाला सांगायला हवं?" त्या म्हणाल्या. "कळतं माणसाला."

"किती दिवसांपासून?"

"झाले बरेच."

"आणि तरी तुम्ही कुणाकडे बोलला नाहीत." पाना म्हणाला. "बायको सोडली तर फक्त ड्रायव्हरला माहीत होतं. ताई, तुमच्यासारखं माणूस नाही बघा." त्यानं त्याच तेलकट चिंधीनं डोळे पुसले, कपाळावर काळा पट्टा ओढला आणि गेला.

हॅलोताईंच्या हातातला घास हातातच राहिला. आपल्याला काय माहीत आहे? दुसरं लग्न? तुरुंग? त्यांनी डबा बंद केला, फोन वाजत होता तो वाजू दिला आणि थेट गाडीकडे गेल्या. पानाचं पुस्तक ड्रायव्हरच्या सीटवर पालथं पडलं होतं. याचंच पुस्तक ड्रायव्हरच्या सीटवर का, हा प्रश्न त्यांना तिसऱ्या पानावर पोचेपर्यंत पडला नाही. तिसऱ्या पानावर एक गवंडी एका कागदावर सही करतो. कागदावर काय आहे ते त्याला माहीत नसतं, कारण त्याला वाचता येत नसतं.

त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. चौदा वर्षं दुरुस्तीचा प्रत्येक रिपोर्ट ड्रायव्हरकाकांच्या अक्षरात यायचा. पानाचे हात तेलाचे असतात, असं त्या धरून चालल्या होत्या. नवीन भागाचा खोका आला की पाना म्हणायचा, "ताई, वाचा जरा, चष्मा राहिला." चौदा वर्षांत त्याच्या डोळ्यांवर चष्मा त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

शहाण्णव पानं त्यांनी तिथेच बसून संपवली. आत साहेबांना स्वतः फोन उचलावा लागला आणि लिफ्टमध्ये अडकलेल्या एका आजीबाईंनी त्यांना 'आधीच्या बाईंना द्या' म्हणून सुनावलं.

दोन दिवस हॅलोताईंना स्वतःची लाज वाटत राहिली. न कमावलेले अश्रू आपण खिशात घातले, असं काहीसं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पानाला गाठलं आणि सांगून टाकलं: मी पुस्तकं जाडी बघून आणली. मला काहीही माहीत नव्हतं.

पानानं हातातली चिंधी खांद्यावर टाकली. "म्हणजे मीच सांगितलं तुम्हाला?"

"हो."

"माझ्या तोंडानं?"

"हो रे बाबा."

"अहो, काय बाई आहात!" तो ओरडला आणि त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. सोमवारी सुट्टीत मात्र एक खोका घेऊन हजर झाला. खोका त्यानं टेबलावर आदळला आणि खोक्यावरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. "आता कळलंच आहे तर शिकवा. यातलं हे शेपटीवालं काय आहे?"

मग रोज सुट्टीत वर्ग भरू लागला. संपलंयला दाराबाहेर किती ठेवणार? तोही आला, आणि त्यानं स्टोअरमधल्या सगळ्या खोक्यांवर जाड पेननं नावं लिहून दिली. निम्म्या खोक्यांमध्ये माल निघाला. तो संपला नव्हता, हे पाहून सगळ्यात जास्त धक्का त्यालाच बसला.

पाना चांगला शिकत होता असं म्हणता येणार नाही. 'घ' आणि 'ध' ही एकाच मालकाची दोन दुकानं आहेत असा त्याचा आरोप होता. जोडाक्षर आलं की शिव्या घालायचा. सहा आठवडे संपले तेव्हा त्याला 'वर', 'खाली', 'बंद' आणि स्वतःचं नाव वाचता येत होतं.

"तू आजारी पड," हॅलोताई त्याला आदल्या दिवशी म्हणाल्या. "मी सांगते साहेबांना."

"बघू," पाना म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेड ऑफिसच्या सभागृहात परीक्षक म्हणून एक निवृत्त प्राध्यापिका आणि कंपनीचे मोठे साहेब बसले होते. पलीकडच्या शाखेनं जाड जाड पुस्तकं आणली होती आणि त्यात रंगीत चिठ्ठ्या खोचल्या होत्या. ते 'समाजाची जडणघडण' वगैरे बोलले. सभागृह आदरानं पेंगलं.

मग संपलंय उभा राहिला आणि म्हणाला की पुस्तकातल्या माणसानं पिण्याआधी काहीतरी खायला हवं होतं. ड्रायव्हरकाका म्हणाले, "मुलं वाईट नव्हती. घर लहान होतं." तेवढंच म्हणून बसले. हॅलोताई म्हणाल्या, "माझा नवरा चांगला आहे, त्यानं माझ्यावर कधी हात उगारलेला नाही. पण हे पुस्तक टेबलावर दिसल्यापासून तो भांडी घासतोय. म्हणजे त्याला आधीही घासता येत होती." बायकांच्या रांगेतून एवढ्या टाळ्या आल्या की मोठे साहेब दचकले.

पाना उठला. प्राध्यापिका हसून म्हणाल्या, "तुम्हाला आवडलेला एखादा परिच्छेद वाचून दाखवा ना."

हॅलोताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. फिट आल्याचं नाटक करावं का, हा विचार त्यांनी गंभीरपणे केला. पण पानानं पुस्तक टेबलावर ठेवून दिलं होतं.

"मला वाचता येत नाही," तो म्हणाला. "ड्रायव्हरनं वाचून दाखवलं. दोनदा. पाठ आहे मला सगळं. आणि ज्यानं लिहिलंय त्याला काही माहिती नाही."

सभागृहातली पेंग उडाली.

"यातला गवंडी तीन महिन्यांत शिकतो आणि मेलेल्या आईचं पत्र वाचून रडतो. असं कुठे असतं? मी महिनाभर शिकतोय, अजून 'ध' समजत नाही. आणि ज्याच्या आईला लिहिता येत होतं, तो अडाणी राहीलच कसा? बारीक पुस्तक आहे ना, म्हणून माणूस पटकन सुधारलाय. खरी गोष्ट अशी, की अख्खा दिवस घाबरण्यात जातो. हॉटेलात, बँकेत, मुलीच्या शाळेत. समोरच्यानं कागद पुढे केला की खिसे चाचपत नसलेला चष्मा शोधायचा. ते यात एका ओळीत उरकलंय." तो थांबला. "बाकी सिमेंटचं बरोबर लिहिलंय."

प्राध्यापिका भराभर काहीतरी लिहून घेत होत्या. मोठे साहेब मात्र पानाकडे टक लावून बघत होते.

मायक्रोवेव्ह पलीकडच्या शाखेला गेला. नियमाप्रमाणे पुस्तक 'स्वतः वाचलेलं' असणं आवश्यक होतं, त्यामुळे यांचा संघ बादच झाला. परतीच्या गाडीत साहेब फक्त एकदा म्हणाले, "चौदा वर्षं!" ते रागानं म्हणाले की कसं, हे कुणाला कळलं नाही.

दहा दिवसांनी पानाच्या नावानं पत्र आलं. साहेबांनी ते फोडून वाचलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतच होतं. सुरक्षेच्या सूचना वाचता न येणाऱ्याला एकट्यानं काम करता येणार नाही. सहा महिन्यांत परीक्षा द्यावी. तोवर सोबत वाचता येणारा माणूस हवा.

"मी जातोच आहे की सोबत," ड्रायव्हरकाका म्हणाले. "आजवर काय फिरायला जात होतो?"

"तसंच मी त्यांना कळवलंय," साहेब म्हणाले. हॅलोताईंनी त्यांच्याकडे नव्यानं पाहिलं. "वर हेही लिहिलंय, की चौदा वर्षांत याच्या हातची एक लिफ्ट पडलेली नाही. वाचता येणाऱ्यांच्या दोन पडल्यात."

साहेब पत्र वाचून दाखवणार होते, पण पानानं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"माझं आहे ना? मग मीच वाचणार."

सगळे थांबले. संपलंय दारात टेकला. पानानं पत्र टेबलावर पसरलं, बोट पहिल्या अक्षरावर टेकवलं आणि सुरुवात केली. स्वतःचं नाव एका दमात झालं. 'यांस' झालं. मग बोट अडकलं.

"उ... प... रो..." त्याच्या कपाळावर घाम आला. हॅलोताईंच्या ओठांवर शब्द आला होता, त्यांनी तो दाताखाली धरला. फोन वाजला. कुणी उचलला नाही. "रो... ल्लि... खि... त. उपरोल्लिखित."

"शाब्बास!" काका ओरडले.

"म्हणजे काय?" पानानं विचारलं.

काकांनी संपलंयकडे पाहिलं, संपलंयनं ताईंकडे. ताई म्हणाल्या, "ते असं... म्हणजे वर जे... साहेब, तुम्ही सांगा."

"असतं ते पत्रात," साहेब म्हणाले. "घालायचं असतं."

पाना ताठ बसला. त्यानं पत्र उलटून मागून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं आणि खालच्या सहीवर बोट आपटलं.

"मला सहा महिन्यांची मुदत देतो हा," तो म्हणाला, "आणि याला लिहायला कुणी शिकवलं?"