शालूबाईचा पाहुणचार

शालूबाईचं बोलावणं आलं तेव्हा द्वारकाबाईनं आधी नाक मुरडलं आणि मग पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढलं.

शालूबाईचे यजमान हिंगोलीला वकील. त्यांचा गडी गोरेगावच्या बाजाराला आला होता, तो ओसरीखाली उभ्यानंच निरोप सांगून गेला. "बाईसाहेब नरसीच्या आमराईत येऊन राहिल्या. जुम्म्याला निजामाची कचेरी बंद असते नं, दोन दिस राहतील. लहानपणच्या मैतरणी याव्या म्हणल्या. पोरीलाबी आणा म्हणल्या, आंबे खाईल."

"बाईसाहेब!" गडी वळला तशी द्वारकाबाई म्हणाली. "शेंबूड पुसायला हिला माझा पदर लागायचा. आता बाईसाहेब!"

तिचा नवरा सोनाजी बैलांपुढं कडबा टाकत होता. "मन न्हाई तर नको जाऊ," तो म्हणाला.

"काहून नको? बघू तर दे किती फुगली ते."

बेस्तरवारी दुपार कलताना सोनाजीनं मायलेकींना आमराईच्या कुपाटीशी उतरवलं, शनिवारी सकाळी नेतो म्हणाला आणि बैलांना नाल ठोकायला हिंगोलीकडं निघून गेला. नरसी द्वारकाबाईचं माहेर. पण आईबाप गेले, भाऊ शेत विकून नांदेडला गेला, आणि गावात तिचं म्हणून फक्त एक घर उरलं, हलीमाचं. हलीमा रंगाऱ्याची लेक. गावातच दिलेली. पाटलाची शालू, द्वारका आणि हलीमा, तिघी याच आमराईत पाडाचे आंबे चोरून खात वाढल्या.

आत झाडाखाली जाजम अंथरलेलं आणि जाजमावर खुर्ची. खुर्चीत शालूबाई. आमराईत येऊन खुर्चीत बसणारी बाई द्वारकाबाईनं जन्मात पाहिली नव्हती. शेजारी भोंग्याचा फोनो गाऊन राहिला होता, आणि गाणारी बाई दाढ दुखल्यासारखी कण्हत होती.

"अगंबाई, द्वारका! किती वाळलीस गं!" शालूबाई उठली नाही, हात तेवढे पुढं केले.

"तू आमच्या वाटणीचंबी खाल्लं वाटतं," द्वारकाबाई म्हणाली आणि जाजमावर टेकली.

शालूबाई हसली. तिची बोली बदलली होती. 'व्हय'चं 'होय' झालं होतं, आणि मधेच 'अय्या' यायचं, तेही भलत्या जागी. हलीमा जाजमाच्या कडेला पाय दुमडून बसली होती. चहा आला. दोघींपुढं चिनी मातीच्या कपबशा आणि हलीमापुढं जर्मनचा पेला. द्वारकाबाईनं तो पेला पाहिला आणि मनातल्या मनात शालूबाईचं आणखी एक माप काढलं. आपल्या घरीही असाच एक पेला वळचणीला खोचलेला असतो हे तिला आठवलं नाही असं नाही. पण शालूबाईच्या घरी तो जास्त वाईट दिसत होता.

चहा झाल्यावर शालूबाईनं लहानपण काढलं. सगळ्या गोष्टींत तीच शहाणी, तीच धीट. द्वारकाबाई सुपारी कातरत ऐकत राहिली. मग विहिरीची गोष्ट निघाली.

"सुंदर, ऐक गं," शालूबाई द्वारकाबाईच्या लेकीला म्हणाली. "ही हलीमा एकदा आमच्या विहिरीत पडली होती. आमच्या व्यंकटनं कपड्यांनिशी उडी टाकली आणि हिला वर काढलं. म्हणून आज जिवंत आहे बापडी."

द्वारकाबाईचा अडकित्ता थांबला. शालूचा भाऊ व्यंकट त्या दिवशी बोंबलत घरी पळाला होता आणि कणगीमागं दडून बसला होता. मोटेचा नाडा विहिरीत सोडला होता द्वारकानं स्वतः, आणि हलीमा तो धरून लोंबकळत राहिली तोवर वाटेवरच्या माणसांनी ओढून घेतली. नाड्यानं तिच्या तळव्यांची साल निघाली होती.

तिनं हलीमाकडं पाहिलं. हलीमानं डोळे पेल्यात घातले. "व्हय," ती म्हणाली. "व्यंकटभाऊनंच काढलं."

द्वारकाबाईला वाटलं, शालू फुगली ते एकवेळ ठीक, तिच्या अंगात पहिल्यापासून हवाच होती. पण हलीमा? एका पेल्याभर चहापायी?

तिनं पुन्हा सुपारी कातरायला घेतली. बोलायला समोरचं माणूस त्या लायकीचं लागतं, असं तिचं मत होतं.

जुम्म्याला सकाळी टांगा आला. टांग्यातून व्यंकटराव उतरले. "सहज आलो," म्हणाले. सहज आलेल्या माणसाच्या डोक्याला रेशमी फेटा होता आणि मिशीला ताजा खिजाब. दोन बायका मसणात पोचवलेला, शालूबाईहून थोरला माणूस. रंग बेतास बात बसला होता. हलीमाच्या बापानं असं पातळ रंगवलं असतं तर गिऱ्हाईकानं तोंडावर फेकलं असतं.

"पोरी, पाणी आण," व्यंकटराव म्हणाले. सुंदरनं आणलं. "त्या झाडाखालचा अडकित्ता आण." तोही आणला. "नाव काय? शिवण येतं? मोठ्यानं बोल." बाजारात कालवड बघताना माणूस जसा पुढून मागून फिरतो, तसे त्यांचे डोळे फिरत होते. तेव्हा कुठं द्वारकाबाईच्या डोक्यात लख्ख पडलं. आंबे, फोनो, विहीर, सगळं.

सुंदरला लहानपणी देवी आल्या होत्या. गालांवर व्रण होते. व्यंकटरावांनी ते निरखले आणि बहिणीकडं वळून, आवाज न लपवता म्हणाले, "व्रण आहेत. पण पदर पुढं घेतला की चालून जाईल."

सुंदर तिथंच उभी होती, हातात रिकामा तांब्या घेऊन.

द्वारकाबाई उठली. "व्यंकटराव, माझी लेक पदरानं व्रण झाकंल. तुमी वय कशानं झाकता? खिजाब तर घामासंगं गालावर उतरला."

व्यंकटरावांचा हात गालाकडं गेला आणि बोटं काळी झाली. शालूबाई आता मात्र खुर्चीतून उठली. "द्वारका, तोंड सांभाळ! भलं करायला बोलावलं मी तुला. दोन ठिकाणांहून परत आली ना पोरगी? आमच्या घरात पडली तर सोनं होईल तिचं. मूल नाही व्यंकटला, सगळं तिचंच."

द्वारकाबाईला पुढचं ऐकूच आलं नाही. सुंदरला दोन ठिकाणी नाकारलं होतं हे तिनं दिवाळीत एकाच माणसाला सांगितलं होतं, रडत रडत. ते माणूस जाजमाच्या कडेला मान घालून बसलं होतं.

"चल गं," ती लेकीला म्हणाली.

ऊन रणरणत होतं. दोघी गावाच्या वाटेला लागल्या. थोडं पुढं गेल्यावर सुंदर म्हणाली, "आई, मला न्हवताच पायजे तो. पण रस तरी खाऊन निघायचं व्हतं." द्वारकाबाईला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच राग आला.

मागून हलीमा धापा टाकत आली. "द्वारके, थांब. कुठं जाशील? सोनाजी उद्या येनार."

"देवळात बसन. तुझ्या दारात न्हाई. काय देनार व्हती शालू तुला?"

"माझ्या नासेरला कचेरीत शिपाई लावते म्हणली."

"शिपायाच्या पट्ट्यापायी इमान इकलं! थू!"

हलीमा वाटेत मधोमध उभी राहिली. "थुंक. तुला थुंकता येतं, तुझ्या कणगीत जवारी हाय. आमचं पोरगं चार साल झाले रिकामं फिरून राहिलं. इलायती रंगाचं कापड आलं, आमच्या कुंडात आता कोन बुडवतं? अन् मला वाटलं, सुंदर पोटभर खाईल. म्हातारा मरंल लवकर, घर तिचं व्हईल. वाईट वाटलं असंल तर मार मला. पण उन्हात लेकरू नको भाजू."

द्वारकाबाईला पहिल्यांदा आपल्या तिरस्काराची लाज वाटली असती. पण तशी सवय नव्हती. "म्हाताऱ्याच्या मरनाची वाट बघत माझ्या लेकीनं बसावं, व्हय?" ती एवढंच म्हणाली आणि हलीमाच्या घराकडं चालू लागली, जणू ते तिनं आधीच ठरवलं होतं.

हलीमाच्या अंगणात तिनं आपली शिदोरी सोडली. हलीमानं दगडी वरवंट्यानं ठेचा वाटला. तो घ्यावा की नाही, यावर द्वारकाबाईनं बराच वेळ घालवला आणि शेवटी भाकरीवर घेतला. ठेचा तिखटजाळ होता. "मीठ कमी हाय," ती म्हणाली. दुपारभर दोघी एका भिंतीला पाठ लावून बसल्या आणि शालूबाईची खुर्ची, तिचं 'अय्या' आणि भोंग्यातली कण्हणारी बाई यांची सालटी काढत राहिल्या. हलीमाला शालूबाईची नक्कल फार छान जमायची. सुंदर हसून हसून लोळली. एवढं खरं की विहिरीचं नाव त्या दिवशी कोणीच काढलं नाही.

शनिवारी आमराईकडं निघालेल्या सोनाजीनं मायलेकींना हलीमाच्या दारातूनच गाडीत घेतलं. का, काय, विचारलं नाही.

पुढच्या माघात सुंदर सेनगावला दिली. नवरा थोडा तोतरा, पण तिच्याच वयाजोगा. मांडवात तिच्याकडं बघताना त्याची नजर व्रणांवर थांबली नाही. नासेरला पट्टा मिळाला नाही. तो नांदेडच्या गिरणीत गेला आणि तिथंच राहिला. लग्नाला हलीमा आली, एक कोपरा धरून बसली, आणि द्वारकाबाईनं तिला सगळ्या बायकांदेखत, "तिथं काय बसलीस चोरावानी, पुढं ये," म्हणून झाडलं.

शालूबाईला बोलावणं धाडलं होतं. ती आली नाही. "बरंच झालं," द्वारकाबाई म्हणाली, "तिच्यासाठी खुर्ची कुठून आनली असती?"